दूर राहून नाते खरोखर टिकते का? (पुणे ते म्युनिक)

शेवंती | १२ जुलै २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. हा प्रश्न यापूर्वीही इथे विचारला गेला असेल याची मला कल्पना आहे, तरी माझ्यापुरता तो नवा असल्यामुळे विचारते. मी अठ्ठावीस वर्षांची असून पुण्यात सीए म्हणून नोकरी करते. गेली चार वर्षे ज्याच्याबरोबर माझे नाते आहे तो सप्टेंबरच्या मध्यावर म्युनिकला दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जात आहे. प्रवेश निश्चित झाला आहे, वर्षभराच्या खर्चापोटी दाखवावे लागणारे ११,९०४ युरो खात्यात भरून झाले आहेत आणि व्हिसासाठीची कागदपत्रेही देऊन झाली आहेत. तयारी सगळ्याची झाली आहे, आमची दोघांची तेवढी राहिली आहे.

दोन्ही घरी आमच्याबद्दल माहीत आहे. त्याच्या आईचे म्हणणे असे की साखरपुडा उरकूनच जावे, तर माझ्या आईचे म्हणणे असे की दोन वर्षे जाऊ द्यावीत आणि मग काय उरते ते पाहावे. आजवर आम्ही एकमेकांपासून सलग अकरा दिवसांपेक्षा जास्त दूर राहिलेलो नाही, आणि तेही त्याच्या बहिणीचे लग्न गावी होते म्हणून.

तुमच्यापैकी जे अशा नात्यात होते किंवा आहेत त्यांचे अनुभव वाचायला आवडतील, मग ते टिकलेले असोत वा तुटलेले. "खरे प्रेम असेल तर टिकेल" हे वाक्य गेल्या महिन्याभरात मला सात जणांनी ऐकवले आहे, तेवढे कृपया वगळावे.

आडवातिडवा | १२ जुलै, रात्री १०.०५

खरे प्रेम असेल तर... क्षमस्व, धागा शेवटपर्यंत वाचून मग लिहायला हवे होते.

आमच्यापुरते सांगायचे तर लग्नाआधीची तीन वर्षे ती कोथरूडला होती आणि मी हडपसरला. संध्याकाळी सहानंतर ते अंतर कापायला जो वेळ लागत असे तो पाहता आम्हालाही लाँग डिस्टन्सवाल्यांत धरायला हरकत नसावी.

किनारपट्टी | १२ जुलै, रात्री ११.३०

मी व्यापारी जहाजावरच्या अधिकाऱ्याची बायको आहे. तो थर्ड ऑफिसर होता तेव्हा आमची ओळख झाली, लग्नाआधी चार वर्षे अशीच गेली आणि लग्नानंतरची बाराही तशीच चालली आहेत. त्यामुळे "टिकते का" याचे माझ्यापुरते उत्तर "टिकते" असे आहे. पण ते कशावर टिकते हे मला २०२० साली कळले, म्हणून ती गोष्ट सांगते.

आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये कधीच मोजले नाही, ते आम्ही साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत, म्हणजे तो जहाजावर रुजू होतो तेव्हापासून उतरतो तोवर, मोजतो. पाच महिन्यांचा करार असेल तर मी पाच महिने व्यवस्थित राहते, नोकरी करते, आजारी पडले तरी तारखेकडे बघून उठते. २०२० च्या मार्चमध्ये तो चार महिन्यांसाठी म्हणून गेला आणि टाळेबंदीमुळे रिलीव्हर, म्हणजे त्यांच्या जागी येणारी माणसे, जहाजापर्यंत पोचू शकेनात. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरातले सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवरच अडकून पडले होते, त्यांत आमचाही एक होता. सलग बारा महिन्यांच्या आत खलाशाला घरी पाठवले पाहिजे असा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराचा दंडक आहे, तो २०१३ पासून लागूही आहे, पण बंदरेच माणूस उतरवू देईनात तिथे दंडक काय करणार? चार महिन्यांचे अकरा झाले.

त्या अकरा महिन्यांत आमचे बोलणे आधीपेक्षा जास्त झाले होते, कारण तोवर जहाजावर बऱ्यापैकी इंटरनेट आले होते. ज्या काळात आठवड्याला एकदा सॅटेलाइट फोनच्या कार्डावर सात-आठ मिनिटे मिळत त्या काळात आम्ही कधी भांडलो नाही, आणि या अकरा महिन्यांत मात्र दर दोन दिवसांनी भांडलो. पुष्कळ विचार केल्यावर कारण सापडले ते एवढेच की तारीख नव्हती. "पुढच्या बंदरात बघू" असे तो म्हणायचा आणि मला तो त्याचाच गुन्हा वाटायचा.

शेवंती, तुम्हाला माझा एकच प्रश्न आहे. दोन वर्षे म्हणजे दोन वर्षे, की "पुढच्या बंदरात बघू"?

सॅनहोजेकर | १३ जुलै, सकाळी ९.१५

किनारपट्टी यांचा प्रश्न अगदी नेमका आहे, कारण माझे दोन वर्षांचे सहा झाले होते.

आधी घड्याळाबद्दल थोडे. भारत आणि जर्मनी यांत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे दोघेही जागे आहेत असा काही काळ रोज हमखास मिळतो. आमच्याकडे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, हा फरक उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचा. माझी बायको, तेव्हाची मैत्रीण, कोल्हापुरात झोपायला जाताना माझा दिवस सुरू होत असे. एकाची उत्साहाची वेळ ही दुसऱ्याची पेंगण्याची वेळ, आणि पेंगणारा माणूस नेहमी कमी प्रेम करणारा वाटतो. वर्षभर मी तिला सकाळी आठला ताजातवाना होऊन प्रश्न विचारत होतो आणि ती रात्री साडेआठला दवाखान्यातून दमून येऊन "बरं", "हो" अशी उत्तरे देत होती. आम्ही वेळ उलटी केल्यावर मी "बरं", "हो" म्हणू लागलो आणि ती रुसू लागली. दोष स्वभावाचा नसून घड्याळाचा आहे हे कळायला दीड वर्ष गेले.

पण जे खरे लिहायचे आहे ते वेगळेच आहे. शिक्षण संपले, एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला, आणि स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर त्याचा शिक्का घ्यायला, भारतात गेलो तर अडकून पडू या भीतीने मी सलग तीन वर्षे घरी गेलो नाही. तिच्या वडिलांची बायपास झाली तेव्हाही मी फोनवरच होतो. शेवटी लग्न झाले, ती इकडे आली आणि आमचे अंतर संपले असे सगळ्यांनी म्हटले. ती फिजिओथेरपिस्ट होती. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो खरा, पण त्यासाठी आधी नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या कागदांचा एक टप्पा मंजूर व्हावा लागतो. आमचा तो टप्पा यायला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत तिने कोल्हापूरचे पेशंट फोनवरून विचारपूस करत सांभाळले, आणि मग हळूहळू त्यांचे फोन यायचे बंद झाले.

आमचे नाते टिकले. किंमत कोणी मोजली हे मात्र आकडेमोड न करताही दिसते आहे.

शेवंती | १३ जुलै, दुपारी १.२०

किनारपट्टी, सॅनहोजेकर, मनापासून आभार. दोन वर्षांनंतरचे आम्ही बोललेलोच नाही, असे आत्ता लिहिताना लक्षात येत आहे. शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी शोधायला अठरा महिने राहता येते एवढे त्याने सांगितले होते. ते मी माहिती म्हणून ऐकले होते, बेत म्हणून नाही.

संख्याबुद्धी | १३ जुलै, सायंकाळी ५.५०

या विषयावर संशोधन झालेले आहे आणि त्याचा निष्कर्ष लोकांच्या अपेक्षेच्या थोडा उलटा आहे. लॉरा स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ आणि २००७ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या लाँग डिस्टन्स जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दूर असताना ही नाती जवळच्यांइतकीच, काही वेळा अधिकच स्थिर दिसली. मात्र ज्या जोड्या पुढे एका गावात राहायला आल्या त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जोड्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या. २०१३ साली जियांग आणि हॅनकॉक यांनी जोड्यांच्या संवादाच्या नोंदींवरून दाखवले की दूर असलेली माणसे एकमेकांशी अधिक मोकळेपणाने बोलतात आणि त्याच वेळी एकमेकांबद्दलची प्रतिमाही अधिक उजळ करून घेतात.

हे अभ्यास तिकडच्या तरुण विद्यार्थ्यांवरचे आहेत, त्यामुळे ते आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. तरीही प्रश्न "दूर असताना टिकेल का" एवढाच न ठेवता "जवळ आल्यावर टिकेल का" असाही विचारायला हवा, असे मला वाटते.

निरभ्र | १३ जुलै, रात्री १०.४५

संख्याबुद्धी, त्या एक तृतीयांशात मला धरा.

मी बेंगळुरूला, ती नागपूरला, अशी पाच वर्षे गेली. वर्षातून तीन-चार भेटी होत, प्रत्येक भेट चार दिवसांची. एकमेकांची नस न नस ठाऊक आहे असा आमचा समज होता. मग दोघांनाही पुण्यात नोकरी मिळाली, आम्ही एका घरात राहू लागलो आणि चौथ्या महिन्यात सामान वाटून घेतले.

फोनवर माणूस नेहमी अंघोळ करून, केस विंचरून बसलेला असतो, असे मी नंतर एका मित्राला म्हणालो होतो. ती पगारातला निम्मा भाग घरी पाठवते हे मला पाच वर्षांत कळले नव्हते, कारण मी कधी विचारले नाही आणि तिला सांगायची वेळ आली नाही. मी सिगारेट सोडली आहे असे तिला वाटत होते, आणि मी ती फक्त फोनच्या वेळेपुरती सोडलेली होती. मला घरात शांतता लागते आणि तिला रेडिओ लागतो. यातले एकही कारण नाते तुटावे एवढे मोठे नव्हते. पण चार दिवसांच्या भेटीत कोणी भांडण काढत नाही, तिकिटाचे पैसे फुकट जातात म्हणून. त्यामुळे भांडायचे कसे आणि भांडणानंतर त्याच खोलीत झोपायचे कसे, हे आम्ही पाच वर्षांत शिकलोच नाही.

अंतरामुळे आमचे नाते तुटले असे लोक म्हणतात. अंतर नसते तर ते पहिल्याच वर्षी तुटले असते आणि दोघांचीही चार वर्षे वाचली असती.

किनारपट्टी | १४ जुलै, सकाळी ७.१०

निरभ्र, वाईट वाटले. पण तुमचा शेवटचा निष्कर्ष मला पटत नाही. नवरा घरी आल्यावर दहाव्या दिवशी आमचे भांडण होते, अजूनही होते, बारा वर्षांत एकदाही चुकलेले नाही. पहिले नऊ दिवस तो पाहुणा असतो. दहाव्या दिवशी तो गॅसची नोंदणी कोणत्या नंबरवरून करतात ते विचारतो, मुलीने कुठल्या शाळेच्या बसने जायचे यावर मत देतो, आणि मी म्हणते की पाच महिने हे घर माझ्या मताने चालले आहे. आम्हाला हे भांडण येणार हे माहीत असते, म्हणून अकराव्या दिवशी दोघेही हसतो. तुमचे पहिलेच भांडण पाच वर्षांनी झाले, त्यात तुमचा स्वभाव तपासला गेलाच नाही.

आडवातिडवा | १४ जुलै, सकाळी ८.०२

किनारपट्टीताई, रोज घरी येणाऱ्या नवऱ्यालाही गॅसच्या नोंदणीचा नंबर माहीत नसतो, त्यामुळे तो दोष समुद्राचा धरू नये.

टपालहंशील | १४ जुलै, दुपारी ३.३५

मी टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त झालेला सॉर्टर, म्हणजे पत्रांची वर्गवारी करणारा, आहे, तेव्हा पत्रांच्या जमान्याचा एक अनुभव मांडतो. लग्न ठरल्यावर सव्वा वर्ष आम्ही आंतर्देशीय पत्रांवर काढले. पत्र पोचायला पाच-सहा दिवस, उत्तर यायला तेवढेच. मी रागावून लिहिलेले पत्र तिला मिळेपर्यंत माझा राग गेलेला असे, आणि तिचे समजुतीचे उत्तर येईपर्यंत आपण रागावलो कशावर होतो तेच मला आठवत नसे. कित्येकदा दोन पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून जात आणि दोघांनाही न विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे मिळत. हल्ली निळ्या खुणा उमटूनही उत्तर आले नाही की अर्ध्या तासात माणसे हवालदिल होतात, त्यापेक्षा आमचा उशीर बरा होता.

आणि आपल्याकडचे सर्वांत जुने उदाहरण विसरू नये. गोपाळराव जोशी हे आमच्याच खात्यातले. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्या फिलाडेल्फियाला डॉक्टरी शिकत असताना दोघांमध्ये सातासमुद्रांचे अंतर होते आणि आधार पत्रांचाच होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली त्या समारंभाला गोपाळराव हजर होते. अंतर असूनही संसार टिकतो याला याहून मोठा दाखला कोणता हवा?

रेघोटी | १४ जुलै, सायंकाळी ६.२०

टपालहंशीलकाका, पत्रांबद्दलचे सगळे मान्य, दाखला मात्र मान्य नाही. आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले होते आणि गोपाळराव त्यांच्याहून जवळपास वीस वर्षांनी मोठे होते. ज्या नात्यातून एकाला बाहेर पडताच येत नाही ते नाते टिकले असे म्हणणे हा शब्दांचा अपव्यय आहे. गोपाळरावांच्या पत्रांत टोमणे आणि संशय आहेत, आणि आनंदीबाई परक्या मुलखातल्या थंडीत, आजारपणात, अभ्यास सांभाळून त्यांची समजूत घालणारी उत्तरे लिहीत होत्या. ते अमेरिकेत पोचल्यावरही तिकडच्या लोकांवर आणि चालीरीतींवर जाहीर टीका करू लागले, तेव्हा ज्यांच्या आधारावर त्या राहिल्या त्यांच्यापुढे आनंदीबाईंनाच अवघडल्यासारखे झाले. मायदेशी परतल्यावर काही महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या गेल्या.

त्यांना शिकवायचा हट्ट गोपाळरावांचाच होता, हे त्यांचे श्रेय मी नाकारत नाही. परंतु धागाकर्तीने या उदाहरणातून काही घ्यायचेच असेल तर ते एवढेच घ्यावे की दूरच्या माणसाला समजावत राहण्याचे काम दोघांमध्ये वाटले जाते आहे की एकावरच पडते आहे, हे पाहावे.

टपालहंशील | १४ जुलै, रात्री ८.१५

रेघोटी, तुमचे म्हणणे विचारात पाडणारे आहे. "सर्वांत मोठा दाखला" हे शब्द मी मागे घेतो. उदाहरण सर्वांत जुने आहे एवढेच म्हणतो.

आमच्या घरी समजुतीची पत्रे कोण लिहीत असे, हे आत्ता सौ.ना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही आणि चहा ठेवायला गेल्या.

बदलीपात्र | १५ जुलै, रात्री ९.००

परदेश, जहाज, अमेरिका वाचून संकोच वाटत होता, पण आमचे अंतर राज्याच्या आतलेच होते आणि काही कमी नव्हते. आम्ही दोघेही जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक. डी.एड. एकत्र केले, तिथेच जमले, आणि नेमणुका मिळाल्या त्या मला नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात आणि तिला सिंधुदुर्गात कुडाळजवळ. धडगावहून एसटीने नंदुरबार, तिथून सुरतमार्गे मुंबई, मग कोकण रेल्वेने कुडाळ, असा एका बाजूचा प्रवास दीड दिवसाचा होई. गणपतीच्या दिवसांत तर तिकीट मिळायचे नाही. पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती. शाळेमागच्या टेकडीवर एक खडक होता, त्यावर उभे राहिले की दोन कांड्या यायच्या. पावसाळ्यात मी छत्री धरून त्या खडकावर उभा राहत असे आणि पोरे खालून "गुरुजी, बाई काय म्हणाल्या?" असे ओरडून विचारत.

आमच्या खात्यात बदलीसाठी "पती-पत्नी एकत्रीकरण" असा एक प्रकार आहे. दोघांच्या शाळांमध्ये तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्या कारणाने अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी पती-पत्नी असावे लागते. नुसत्या प्रेमासाठी शासन निर्णय निघालेला नाही. म्हणून आम्ही घाईने लग्न केले, असे मी स्पष्टच सांगतो, आणि त्यानंतरही आंतरजिल्हा बदली मिळायला तीन वर्षे गेली.

शेवंती, तुमच्या होणाऱ्या सासूबाई साखरपुडा करा म्हणतात. साखरपुड्याने ना बदली मिळते ना व्हिसा. कागदाला लग्नच लागते. मात्र कागदासाठी लग्न करताना आम्ही जे केले नाही ते तुम्ही करा: बदली कोणी मागायची हे आधी ठरवा. मी मागितली. माझी सेवाज्येष्ठता गेली, नव्या जिल्ह्यात मी यादीत तळाला गेलो, आणि ही गोष्ट आजही आमच्या घरात महिन्यातून एकदा निघते. म्हणजे मीच काढतो.

स्टुटगार्टवाला | १६ जुलै, रात्री १२.४०

जर्मनीबद्दल थोडे, कारण धाग्यात अमेरिकेचे नियम वाचून गैरसमज व्हायला नको. इथे जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या माणसाला लगेच नोकरी करता येते. त्या व्हिसासाठी साधारणपणे जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे सर्वांत प्राथमिक, पातळीची परीक्षा द्यावी लागते, आणि जोडीदाराकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर तीही लागत नाही. तेव्हा कागदोपत्री ही वाट सॅनहोजेकरांच्या वाटेइतकी खडतर नाही.

खडतर आहे ते निराळेच. तुम्ही सीए आहात. इथे करसल्लागार व्हायचे तर इथली श्टॉयरबेराटरची परीक्षा आहे, ती जर्मन भाषेत आणि जर्मन करकायद्यावर, आणि इथे शिकलेली माणसेसुद्धा तिला घाबरतात. आंतरराष्ट्रीय हिशेबमानके येत असतील तर मोठ्या कंपन्यांत इंग्रजीवर काम मिळू शकते, पण पुण्यातल्यासारखी स्वतःची प्रॅक्टिस काढायचा विचार असेल तर तो इथे जवळजवळ सोडून द्यावा लागेल.

आणि इथे तुमचा जोडीदार रिकामा असेल असे समजू नका. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि म्युनिकचे घरभाडे पाहता तो ते करणारच. भेटीसाठी मध्य-फेब्रुवारी ते मध्य-एप्रिल ही तासिका नसलेली सुट्टी धरून ठेवा, मात्र त्यातही परीक्षा येतात.

बदलीपात्र | १६ जुलै, सकाळी ७.३०

सुट्टीत नोंदणी विवाह करायचा विचार असल्यास एक माहिती देतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य लागते, आणि नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबावे लागते. वास्तव्याची अट तुमच्या पुण्यातल्या पत्त्यावर भागेल. नोटिशीचे दिवस मात्र सुट्टीच्या हिशेबात धरा.

आडवातिडवा | १६ जुलै, सकाळी ७.४५

विचारले होते नाते टिकेल का, आणि चार दिवसांत मंडळी विवाह नोंदणी कार्यालयापर्यंत पोचली. मराठी धागा आहे हे सिद्ध झाले.

लेकीची आई | १७ जुलै, दुपारी २.१५

मी शेवंतीच्या आईच्या बाजूने लिहिते. "दोन वर्षे जाऊ द्या, काय उरते ते पाहू" यात माया नाही असे तरुण मुलांना वाटते, तसे नसते. आमच्या पिढीतल्या कोकणातल्या कित्येक बायकांनी चाकरमान्यांशी लग्न करून सगळा जन्म गणपती आणि शिमगा या दोन भेटींवर काढला. माझ्या आईने काढला. वडील मुंबईत गिरणीत, आई गावी सासू-सासऱ्यांजवळ. मनीऑर्डर वेळेवर यायची. ते नाते टिकले की नाही असे तिला कोणी विचारलेच नाही. वडील गिरणी बंद पडल्यावर कायमचे गावी आले तेव्हा त्यांना कोणती भाजी आवडते हे तिला माझ्या आत्याला विचारावे लागले होते.

म्हणून माझ्या मुलीला मी म्हणते की थांब आणि बघ. बांधून घेतल्यावर बघायचे राहून जाते.

निरभ्र | १७ जुलै, रात्री ११.२०

लेकीची आई, भाजीची गोष्ट वाचून बराच वेळ पुढे वाचता आले नाही. पण नुसते थांबून दिसत नाही, हा माझा अनुभव आहे. आम्ही पाच वर्षे थांबलोच होतो. बघायचे तर विचारावे लागते, आणि ते चार दिवसांच्या भेटीत न विचारता एरवीच्या कंटाळवाण्या मंगळवारी विचारावे लागते: पैसे कुठे जातात, आईवडिलांचे पुढे काय, मूल हवे की नको, गाव कोणते.

शेवंती | २७ जुलै, रात्री १०.१०

उशिरा लिहिते आहे, कारण मधले दिवस बरे गेले नाहीत.

किनारपट्टी यांचा प्रश्न मी त्याला जसाच्या तसा विचारला. त्याने गृहीत धरले होते की शिक्षण संपल्यावर तो तिथे नोकरी घेईल आणि मी जाईन. मी गृहीत धरले होते की तो परत येईल. चार वर्षांत आम्ही कोणत्या हॉटेलात कोणती थाळी चांगली मिळते इथपासून ते मृत्यूनंतर देहदान करायचे का इथपर्यंत सगळे बोललो होतो, आणि हे बोललो नव्हतो. मी त्याला स्टुटगार्टवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, "तुला तिथे काहीतरी मिळेलच की." त्या "काहीतरी" या शब्दावरून आम्ही नऊ दिवस बोललो नाही, आणि तेही एकाच शहरात राहून. त्यामुळे अंतराचा सराव झाला असे म्हणता येईल.

दहाव्या दिवशी तो ऑफिसखाली येऊन उभा राहिला. ठरले ते असे की तो तिकडे जाणार आणि साखरपुडा तूर्त करायचा नाही. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत, म्हणजे प्रबंध सुरू व्हायच्या आधी, कोणी कुठे जायचे हे ठरवायचे, आणि ठरले नाही तर तसे एकमेकांना स्पष्ट सांगायचे. त्याच्या आईला हे आवडलेले नाही. माझ्या आईला आवडले आहे, त्यामुळे मला शंका येते आहे.

किनारपट्टी | २८ जुलै, सकाळी ६.५०

तारीख आहे. ती दोघांच्याही कॅलेंडरवर लिहा, मनात ठेवू नका.

सॅनहोजेकर | २८ जुलै, सकाळी १०.३०

हा धागा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "शेवंतीला सांग, काहीतरी या शब्दावर नऊ दिवस बोलणे सोडले ते कमीच." ती आता इथे फिजिओथेरपीच्या परवान्यासाठीच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. एवढेच तिच्या परवानगीने लिहितो.

रेघोटी | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५.०५

शेवंती, दिवाळी झाली. कसे चालले आहे ते सवडीने लिहावे.

शेवंती | २६ ऑक्टोबर, रात्री ११.१५

तो १६ सप्टेंबरला गेला. पहिले दोन आठवडे आम्ही रोज दीड-दीड तास बोललो, तिसऱ्या आठवड्यात दोघांकडेही सांगण्यासारखे काही उरले नाही आणि मी घाबरले. मग निरभ्र यांचा मंगळवार आठवला. आता मंगळवारी आम्ही महिन्याचा खर्च मांडतो. त्याच्या विद्यार्थी निवासात धुलाई यंत्राला दर खेपेला पैसे पडतात आणि तो तीन आठवडे कपडे साठवतो, हे मला त्यातून कळले. चार वर्षांत त्याचे कपडे नेहमी इस्त्रीचे पाहिले होते, ते त्याची आई करत असे.

लक्ष्मीपूजनाला फार वाईट वाटले, त्याबद्दल लिहीत नाही.

आज तिकडे घड्याळ एक तास मागे गेले. आमची वेळ त्याच्या संध्याकाळच्या सातची, म्हणजे माझ्या साडेदहाची होती, ती आजपासून साडेअकरा झाली असती. मला सकाळी सातला निघावे लागते, त्यामुळे आता जागरण करावे लागणार असे मी धरून चालले होते, आणि सवयीप्रमाणे ते त्याला बोलले नव्हते. साडेदहाला फोन वाजला. तो म्हणाला की त्याने जेवणाची वेळ पुढे ढकलली आहे आणि मार्चअखेरपर्यंत तो सहालाच फोन करील.

स्टुटगार्टवाले, ए-वनचे वर्ग पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जानेवारीत सुरू होणाऱ्या तुकडीला करावेत की आधी घरीच थोडी तयारी करावी? मी अजून काही ठरवलेले नाही. फक्त विचारते आहे.

स्टुटगार्टवाला | २७ ऑक्टोबर, रात्री १.३०

वर्गच लावा. घरी अभ्यास केला तर नामांची लिंगे पाठ होत नाहीत. आणि ठरवलेले नसले तरी चालेल, ए-वनला तेवढे व्याकरण लागत नाही.